सेवापुस्तकाचं पहिलं पान

वसुलीचा आदेश माझ्या हातात पडला तो ६ मार्च २०१७ ला, सोमवारी. निवृत्ती ३१ मेला होती. मी प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्याभराच्या रक्तनमुन्यांच्या काचपट्ट्या प्रयोगशाळेत जमा करत होतो. हिवतापाच्या पट्टीवर रक्ताचे दोन थर घ्यावे लागतात, एक जाड आणि एक पातळ. जाड थरात जंतू आहे की नाही ते लवकर दिसतं, पातळ थरात तो कुठल्या जातीचा ते कळतं. तीस वर्षं हेच काम केलं होतं. शिपायानं पाकीट आणून दिलं, तेव्हा हाताला स्पिरिट होतं म्हणून ते टेबलावरच ठेवलं आणि शेवटची पट्टी नोंदवून मग उघडलं.

‘आपणांस अतिप्रदान झालेली रक्कम रु. २,१४,३८०/- सेवानिवृत्ती उपदानातून एकरकमी वसूल करण्यात येईल.’ म्हणजे जादा दिलेला पगार माझ्या ग्रॅच्युइटीतून परत कापून घेणार. माथ्यावर जिल्हा परिषदेचं नाव, पायथ्याला जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांची सही. कारण दीड ओळीत आटोपलं होतं. नियुक्तीपासून बारा वर्षं झाली म्हणून १९९९ मध्ये मला कालबद्ध पदोन्नतीची वेतनश्रेणी दिली होती. ८ जून १९९५ च्या शासन निर्णयाप्रमाणे ती असंख्य कर्मचाऱ्यांना मिळाली. आता वेतन पडताळणीत आक्षेप निघाला की माझं पायाभूत प्रशिक्षण १९९१ मध्ये पूर्ण झालं, म्हणून बारा वर्षं तिथून मोजायला हवी होती. अठरा वर्षांपूर्वी साहेबांनी स्वतः काढलेला आदेश चुकला, आणि ती चूक माझ्या उपदानातून भरून घ्यायची. मी कुठलीही माहिती लपवली नव्हती. प्रशिक्षणाची तारीख सेवापुस्तकात, म्हणजे नोकरीच्या नोंदींच्या वहीत, लाल शाईनं लिहिलेली होती, सगळ्यांनी पाहिलेली.

घरी आल्यावर हिला सांगितलं. ती एवढंच म्हणाली, “धाकटीच्या लग्नाचं त्याच पैशावर ठरलंय.”

मी लगेच निवेदन दिलं, त्याला उत्तर आलं नाही. मे महिन्यात निवृत्त झालो आणि सप्टेंबरात उपदान हातात आलं ते वसुली कापूनच. तोवर कुणाकुणाला विचारत होतो. संघटनेच्या एका जुन्या पदाधिकाऱ्यांनी जिल्ह्याच्या ठिकाणचे वकील सांगितले, त्या वकिलांनी आदेश पाहिला आणि लगेच म्हणाले, “जिल्हा परिषद ना? मग हायकोर्टच.” त्यांचं बोलणं मला पटलं, कारण आमच्या आरोग्य सेविका, औषधनिर्माते सगळे खंडपीठातच गेल्याचं मी ऐकलं होतं. जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबाद खंडपीठात रिट याचिका दाखल झाली. त्यात प्रतिवादी होते राज्य शासन, आरोग्य खात्याचं हिवताप कार्यालय आणि जिल्हा परिषद.

इथं थोडं थांबून आमच्या इमारतीबद्दल सांगतो, कारण सगळा घोळ त्या इमारतीतच आहे. प्राथमिक आरोग्य केंद्र म्हणजे एक पडवी, चार-पाच खोल्या आणि मागं क्वार्टर. बाहेरच्या माणसाला आम्ही सगळे ‘सरकारी दवाखान्यातले’. पण वैद्यकीय अधिकारी राज्य शासनाचे गट-अ अधिकारी. त्यांच्या सेवेचा वाद महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात जातो, ज्याला सगळे मॅट म्हणतात. त्यांच्या शेजारच्या खोलीतल्या आरोग्य सेविका जिल्हा परिषदेच्या. जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांची प्रकरणं मॅटच्या कक्षेत दिलेली नाहीत, त्यामुळं त्यांना थेट उच्च न्यायालय. दारात उभ्या असलेल्या रुग्णवाहिकेचा चालक कंपनीचा नोकर, त्याची वाट कामगार न्यायालयाची. कंत्राटी परिचारिकेनं कुठं जायचं यावर मी दोन वकिलांची दोन मतं ऐकली आहेत. केंद्राला लागून असलेल्या खासगी अनुदानित शाळेतल्या मास्तरांसाठी १९७७ च्या कायद्यानं स्वतंत्र शाळा न्यायाधिकरण. चौकातल्या पोस्टातल्या बाबूंसाठी केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरण, म्हणजे कॅट. शंभर पावलांच्या आत सरकारी पैशावर पोट भरणारी दहा-बारा माणसं, आणि त्यांच्यासाठी पाच-सहा दारं. कुठलं दार कुणाचं हे आम्हाला नोकरीच्या तीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

आणि माझं? मी १९८४ मध्ये हंगामी फवारणीवर लागलो. खांद्यावर स्टिरप पंप, बादलीत डीडीटीचं पाणी आणि घरोघरी भिंतींवर पट्टे मारत जायचं. जुलै १९८७ मध्ये आरोग्य सेवक म्हणून नियमित नेमणूक मिळाली ती जिल्हा हिवताप अधिकाऱ्यांच्या आदेशानं. हे कार्यालय राज्य शासनाचं. पण काम मात्र पहिल्या दिवसापासून जिल्हा परिषदेच्या आरोग्य केंद्रात. रजा तिथेच मंजूर व्हायची, गोपनीय अहवाल तिथलेच साहेब लिहायचे, पुढं पगारबिलही तिथूनच निघायला लागलं आणि सेवापुस्तक त्यांच्याच कपाटात गेलं. कुणी विचारलं तर मी स्वतःच ‘झेडपीत आहे’ असं सांगायचो. गावातही तसंच ओळखायचे.

खंडपीठातल्या पहिल्या काही तारखा नुसत्याच गेल्या. पहाटेची एसटी पकडायची, सिडको बसस्थानकावर उतरायचं, जालना रोडनं चालत जायचं आणि बोर्डावर आपला नंबर किती आहे ते बघायचं. कधी नंबर पुकारलाच जायचा नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये हिवताप कार्यालयाचं प्रतिज्ञापत्र दाखल झालं. त्यात वसुलीबद्दल फार काही नव्हतं. पहिलाच आक्षेप असा की याचिकाकर्ता राज्य शासनाचा कर्मचारी आहे, त्याच्यासाठी न्यायाधिकरण उपलब्ध आहे, सबब ही याचिका इथं चालू शकत नाही.

जानेवारी २०१९ मध्ये सुनावणी झाली, फार तर सात-आठ मिनिटं. सहायक सरकारी वकील उभे राहिले आणि प्रतिज्ञापत्रातली तीच ओळ त्यांनी वाचली. न्यायमूर्तींनी आमच्या वकिलांना विचारलं, “नियुक्ती कुणाची?” वकिलांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, “हिवताप कार्यालयाची.” न्यायमूर्ती शांतपणे म्हणाले की मग तुम्ही आधी न्यायाधिकरणात जायला हवं. वकिलांनी तिथंच याचिका मागं घेण्याची परवानगी मागितली. न्यायाधिकरणाकडं जाण्याची मुभा मिळाली, सगळे मुद्दे खुले ठेवून. एक वर्ष गेलं होतं, आणि वसुली बरोबर की चूक यावर एक शब्दही कुणी बोललं नव्हतं.

त्या रात्री मला झोप आली नाही. हायकोर्ट एवढं मोठं, त्याला माझं दोन लाखांचं प्रकरण ऐकता येत नाही हे समजत नव्हतं. नंतर ते समजून घेतलं. बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीनं, १९७६ मध्ये, संविधानात अनुच्छेद ३२३-अ आला, सरकारी नोकरीच्या वादांसाठी न्यायाधिकरणं नेमता यावीत म्हणून. त्यावर आधारलेला प्रशासकीय न्यायाधिकरण कायदा १९८५ चा. महाराष्ट्रात मॅट सुरू झालं ८ जुलै १९९१ ला; मुंबईत मुख्य पीठ, नागपूर आणि औरंगाबादला खंडपीठं. त्याआधी सरकारी नोकर दिवाणी न्यायालयात दावे लावायचे, उच्च न्यायालयात जायचे. पहिली काही वर्षं तर मॅटच्या निकालावर थेट सर्वोच्च न्यायालयच होतं. १८ मार्च १९९७ ला सात न्यायमूर्तींच्या घटनापीठानं एल. चंद्रकुमार प्रकरणात निकाल दिला की उच्च न्यायालयाचा न्यायिक पुनर्विलोकनाचा, म्हणजे निर्णय कायद्याला धरून आहे का ते तपासण्याचा, अधिकार कुणाला काढून घेता येणार नाही. न्यायाधिकरणाच्या निकालाविरुद्ध उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या पीठापुढं जाता येईल, पण पहिली पायरी न्यायाधिकरणाचीच. ती ओलांडून वर जाता येत नाही. म्हणजे हायकोर्टानं मला हाकललं नव्हतं. मी खालची पायरी सोडून वरच्या पायरीवर पाय टाकला होता.

हे पटलं तरी वेळेचा प्रश्न होताच. मॅटमध्ये अर्ज करायला अंतिम आदेशापासून एक वर्षाची मुदत असते, कायद्याचं कलम २१. निवेदन देऊन उत्तर आलं नाही तर सहा महिने वाट बघायची आणि तिथून एक वर्ष. कसंही मोजलं तरी माझी मुदत २०१८ मध्येच संपली होती.

मॅटमध्ये काम करणाऱ्या एका वकील मॅडमकडं गेलो. वयानं माझ्या थोरलीएवढ्या. मी पिशवीतून आदेश काढायला लागलो तर म्हणाल्या, “काका, तो नंतर. आधी सेवापुस्तक दाखवा. पहिलं पान.”

सेवापुस्तक माझ्याकडं नव्हतं, झेरॉक्सही सगळी नव्हती. मूळ नियुक्ती आदेश २००६ च्या ऑगस्टमध्ये गेला होता. जायकवाडीतून पाणी सोडलं आणि गोदावरी फुगली, तेव्हा आमच्या घरात कमरेएवढं पाणी होतं. ट्रंकेतले कागद लगदा होऊन निघाले. मॅडम म्हणाल्या, “साहेबांनी काय सांगितलं, पगार कुठून झाला, यानं काही ठरत नाही. तुम्हाला पदावर बसवलं कुणी, यावर ठरतं. तो कागद आणा.”

तोवर थांबायचं नाही म्हणून त्यांनी फेब्रुवारी २०१९ मध्ये मूळ अर्ज दाखल केला. सोबत विलंब माफीचा वेगळा अर्ज. त्यात एक-एक तारीख लिहिली: निवेदन कधी, उपदान कधी, याचिका कधी, मुभा कधी. मुदतीच्या कायद्याचं कलम १४ मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. चुकीच्या, म्हणजे ते प्रकरण ऐकण्याचा अधिकार (अधिकारिता) नसलेल्या न्यायालयात तुम्ही प्रामाणिकपणे आणि मनापासून भांडत होता असं दिसलं, तर तो काळ मुदतीतून वगळतात. या तत्त्वावरच मी वाचलो. मॅडमनी दाखवून दिलं की रिट दाखल झाली तेव्हा मुदत शिल्लक होती, आणि मुभा मिळाल्यावर महिनाभराच्या आत आम्ही मॅटमध्ये आलो. ऑगस्ट २०१९ मध्ये विलंब माफ झाला. ज्यांना हायकोर्टातून मॅटमध्ये किंवा मॅटमधून हायकोर्टात जावं लागतं त्यांना कळकळीनं सांगतो, त्या दोन तारखांच्या मधे एक दिवसही उगाच जाऊ देऊ नका. माझ्याच बरोबरचे एक जण ‘दिवाळी झाली की बघू’ म्हणून पाच महिने थांबले. त्यांना त्या पाच महिन्यांचं कारण देता देता फार जड गेलं.

नियुक्ती आदेशासाठी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. पहिलं उत्तर आलं, ‘अभिलेख आढळून येत नाही.’ त्या उत्तराच्या तळाशी मात्र छापलेलं होतं: हे मान्य नसल्यास इतक्या दिवसांत अमुक अधिकाऱ्याकडं अपील करावं, पत्ता अमुक. मी तो कागद आणि वसुलीचा आदेश शेजारी शेजारी ठेवून बराच वेळ पाहत बसलो. एका कागदानं मला साधी माहिती नाकारली होती आणि पुढं कुठं जायचं ते सांगितलं होतं. दुसऱ्यानं सव्वादोन लाख कापले होते आणि तळाशी फक्त सही होती.

अपील केलं. सुनावणीत तिथल्या एका कनिष्ठ लिपिकानं, त्याचं मला कौतुक वाटतं, स्वतःहून सांगितलं की १९८७ च्या नेमणुकांचं नोंदवही-रजिस्टर वरच्या माळ्यावर असायला हवं. आठ दिवसांनी फोन आला. जाऊन पाहिलं तर कापडी बांधणीचं, कडा कुरतडलेलं रजिस्टर. पान उलटत उलटत तो जुलैवर आला आणि माझ्या नावावर बोट ठेवलं. अनुक्रमांक, नाव, पद ‘आरोग्य सेवक’, आणि पुढच्या रकान्यात नियुक्ती प्राधिकारी: जिल्हा हिवताप अधिकारी. शाई फिकी झाली होती, पण सगळं वाचता येत होतं. बत्तीस वर्षांपूर्वी कुणीतरी टाक बुडवून लिहिलेली ती ओळ होती. त्या पानाची प्रमाणित प्रत घेऊन मी बाहेर आलो आणि कार्यालयाच्या पायरीवर बसून पुन्हा वाचली.

मॅडमनी आणखी दोन गोष्टी मागितल्या. एक, भविष्य निर्वाह निधीच्या वार्षिक स्लिपा. त्या मी जपून ठेवल्या होत्या. त्या नागपूरच्या महालेखापाल कार्यालयाच्या होत्या. दुसरं, निवृत्तिवेतनाचा मंजुरी आदेश. तोही महालेखापालांचाच. “जिल्हा परिषदेचे कर्मचारी असता तर हे दोन्ही कागद जिल्हा परिषदेच्या लेखा विभागाचे असते,” त्या म्हणाल्या. माझ्या घरात वर्षानुवर्षं पडून असलेले कागद मी कुणाचा ते सांगत होते आणि मी ते कधी त्या दृष्टीनं वाचलेच नव्हते.

डिसेंबर २०१९ मध्ये मॅटमध्ये सुनावणी लागली. मॅटमध्ये सरकारची बाजू मांडतात त्यांना सादरकर्ता अधिकारी म्हणतात, बोलताना सगळे ‘पीओ’च म्हणतात. जिल्हा परिषदेचे वेगळे वकील होते. त्यांनी उभं राहून पहिलाच मुद्दा काढला: आदेश जिल्हा परिषदेचा, जिल्हा परिषद न्यायाधिकरणाच्या कक्षेत येत नाही, म्हणून हा अर्ज इथं चालू शकत नाही. पीओंनीही त्याला विरोध केला नाही.

मला काही क्षण ऐकूच येईना. अकरा महिन्यांपूर्वी जालना रोडवरच्या इमारतीत सरकार सांगत होतं, हा आमचा माणूस, याला मॅटमध्ये पाठवा. आता मॅटमध्ये तेच म्हणत होते, हा जिल्हा परिषदेचा आदेश, हा इथला नाही. मग मी जायचं कुठं? एक बाई मागच्या बाकावर बसल्या होत्या, त्यांनी पाण्याची बाटली पुढं केली. मी घामानं भिजलो होतो.

मॅडमनी खंडपीठातल्या प्रतिज्ञापत्राची प्रमाणित प्रत काढून ठेवली होती. ती त्यांनी पुढं केली. पण सदस्यांनी, म्हणजे मॅटच्या न्यायाधीशांनी, ती वाचली आणि म्हणाले, हे तुमच्या बाजूनं आहे, तरी एवढ्यावर मी अधिकारिता घेऊ शकत नाही. पक्षकारांनी मान्य केलं म्हणून न्यायालयाला अधिकार येत नाही आणि नाकारलं म्हणून जात नाही; तो कायद्यातून यायला हवा. मला ते ऐकताना कठोर वाटलं. आज विचार करतो तेव्हा वाटतं, तेच बरोबर होतं. नाहीतर जो सांगेल तसं न्यायालय बदलत राहिलं असतं.

मग मॅडमनी प्रशासकीय न्यायाधिकरण कायद्याचं कलम १५ वाचलं. मी ते नंतर इतक्यांदा वाचलं आहे की पाठ झालं आहे. त्यात आधी पाहायचं असतं की माणूस राज्याच्या नागरी सेवेत किंवा नागरी पदावर नेमलेला आहे का. तसा तो असेल, तर त्याच्या सेवेच्या बाबी मॅटकडं येतात. मग ती सेवा राज्याच्या स्वतःच्या कारभारातली असो, की राज्य शासनाच्या नियंत्रणाखालच्या स्थानिक प्राधिकरणाच्या कारभारातली. या ‘स्थानिक प्राधिकरण’ शब्दांवर मॅडमचं बोट होतं. जिल्हा परिषद म्हणजे स्थानिक प्राधिकरणच. म्हणजे कायदा करणाऱ्यांनी माझ्यासारख्याचा विचार आधीच केला होता: नेमणूक राज्याची आणि काम जिल्हा परिषदेत. जिल्हा परिषदेनं स्वतः नेमलेल्या सेविकाताईंना ते कलम लागू होत नाही, मला होतं. सही कुणाची याला तिथं महत्त्वच नव्हतं. मॅडमनी रजिस्टरची प्रत, स्लिपा आणि निवृत्तिवेतनाचा आदेश एकामागून एक पुढं ठेवले.

प्रकरण निकालासाठी राखून ठेवलं, काही स्पष्टीकरणासाठी पुन्हा बोर्डावर लागलं आणि मार्च २०२० मध्ये सगळं बंद झालं. टाळेबंदीत मी गावातच होतो. निवृत्त असूनही आरोग्य केंद्रातल्या पोरांना घरोघर सर्वेक्षणात मदत केली. ती वेळच तशी होती. पुढची एक सुनावणी मोबाईलवर झाली, नातवानं फोन धरून दिला. फेब्रुवारी २०२१ मध्ये निकाल लागला.

मूळ मुद्द्याला निकालात दोनच पानं लागली. पंजाब राज्य विरुद्ध रफिक मसिह या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं १८ डिसेंबर २०१४ ला सांगून ठेवलं होतं की वर्ग तीन आणि चारच्या कर्मचाऱ्यांकडून, निवृत्त झालेल्यांकडून किंवा वर्षभरात निवृत्त होणाऱ्यांकडून, आणि पाच वर्षांपेक्षा जास्त काळ झालेल्या जादा प्रदानाची वसुली करता येणार नाही. मी या तिन्हींत बसत होतो. जिल्हा परिषदेनं २०१६ च्या जगदेव सिंग निकालाचा आधार घेतला होता, की जादा मिळालेलं परत करीन असं वचनपत्र दिलेलं असेल तर वसुली होते. पण तो न्यायिक अधिकाऱ्याचा निकाल होता, आणि माझं वचनपत्र सहाव्या वेतन आयोगाच्या वेळचं, १९९९ च्या वेतनश्रेणीशी त्याचा संबंध नव्हता. अधिकारितेच्या मुद्द्याला मात्र नऊ पानं लागली. वसुली रद्द झाली, कापलेली रक्कम परत करण्याचा आदेश झाला. शासनाला त्यावर खंडपीठात जाता आलं असतं, ते गेले नाहीत.

चार वर्षांपैकी तीन वर्षं मी फक्त ‘कुठं’ या प्रश्नावर काढली. आणि हे माझ्या एकट्याचं नाही. माझा मेव्हणा वनखात्यात रोजंदारीवर होता. त्यांच्या लोकांनी कायम होण्यासाठी औद्योगिक न्यायालयात अनुचित कामगार प्रथांची तक्रार केली, की खात्याचा पहिला आक्षेप ठरलेला असायचा: वनखातं हा उद्योगच नाही, इथं येताच येत नाही. पुण्याच्या पाचगाव-पर्वतीच्या वनमजुरांना हा मुद्दा सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढवावा लागला. डिसेंबर १९९५ मध्ये तिथं ठरलं की झाडं लावण्याच्या त्या योजना उद्योगात मोडतात. प्रशासकीय न्यायाधिकरण कायद्याचं कलम २८ इतर न्यायालयांचा अधिकार काढून घेतं, पण औद्योगिक आणि कामगार न्यायालयांना त्यातून वगळलेलं आहे, त्यांचा अधिकार कायम आहे. हातात कुदळ असलेल्या माणसानं हे सगळं आधी जाणून मग तक्रार करायची, अशी अपेक्षा कशी ठेवायची?

सरकारला अधिकारितेचा आक्षेप घेण्याचा हक्क आहे, ते मी नाकारत नाही. पण सरकार एकच असतं. एका न्यायालयात शपथेवर जे सांगितलं त्याच्या उलट दुसऱ्या न्यायालयात त्याच्याच वकिलानं सांगू नये. ते सांगितलं जातं, कारण दोन फाईली दोन टेबलांवर असतात आणि कुणी त्या एकत्र वाचत नाही. म्हणून जे माझ्यासारखे याचिका मागं घेऊन दुसरीकडं जाणार असतील, त्यांनी आपल्या वकिलांना एक विनंती जरूर करावी: सरकारी वकिलांनी ‘हा राज्याचा कर्मचारी आहे’ असं जे म्हटलं, ते न्यायालयाच्या आदेशात लिहून घ्या. माझ्या आदेशात ती एक ओळ नव्हती. त्या ओळीनं अधिकार आला नसता हे आता कळतं, पण तो आक्षेप पुन्हा घेताना समोरच्याला विचार करावा लागला असता.

आणि वसुलीच्या प्रत्येक आदेशाच्या तळाशी दोन ओळी छापाव्यात: आपली नियुक्ती अमुक प्राधिकाऱ्याची आहे, हा आदेश मान्य नसल्यास अमुक मुदतीत अमुक ठिकाणी दाद मागता येईल. माहिती नाकारताना हे कळवणं कायद्यानं बंधनकारक आहे. मग उपदान कापताना का नसावं? मी हे संघटनेच्या मार्फत लेखी मागितलं आहे, आरोग्य खात्याकडंही आणि ग्रामविकास खात्याकडंही.

रक्कम डिसेंबर २०२१ मध्ये खात्यात जमा झाली. धाकटीचं लग्न तोवर सोसायटीच्या कर्जावर होऊन गेलं होतं, ते कर्ज मी त्या आठवड्यात फेडलं. व्याज राहिलं आहे. उपदानाला उशीर झाला तर निवृत्तिवेतन नियमांच्या १२९-अ खाली व्याज मिळतं, म्हणून मी अर्ज केला. जिल्हा परिषदेनं उत्तर दिलं की आपण राज्य शासनाचे कर्मचारी असल्यानं व्याजाची मागणी हिवताप कार्यालयाकडं करावी. हिवताप कार्यालयानं लिहिलं की वसुलीचा आदेश जिल्हा परिषदेचा असल्यानं व्याजाचं दायित्व त्यांचं. दोन्ही पत्रं मी रजिस्टरच्या प्रतीसोबत एकाच फाईलला लावली आहेत. या वेळी ती फाईल आधी मॅडमना दाखवली, आणि मूळ अर्जात दोघांनाही प्रतिवादी केलं आहे.